सहा आठवड्यांनंतरचा हात, आजच पडद्यावर

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या मनगटाजवळ हलकेच बोटं ठेवली, तर कातडीखाली एक सलग थरथर लागते. मांडीवरचं मांजर गुरगुरतं ना, साधारण तशी. डायलिसिस युनिटमध्ये तिला ‘थ्रिल’ म्हणतात. रोज सकाळी ती चाचपून पाहायची, असं पेशंटला बजावलेलं असतं. थ्रिल गेली तर फिस्टुला बंद पडला असण्याची शक्यता असते आणि लगेच फोन करायचा असतो.

हा फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी (धमनी) आणि तिच्या शेजारची शीर यांचा मुद्दाम केलेला जोड. तो का लागतो? डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला 300 ते 400 मिलिलिटर रक्त लागतं. हाताच्या साध्या शिरेतून एवढं रक्त ओढायला गेलं तर ती मिटते. रोहिणीत जोर असतो, पण ती खोल असते आणि आठवड्यातून तीनदा तिच्यात जाड सुया टोचणं शक्य नसतं. मग रोहिणीचा जोर शिरेत सोडायचा. शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि ती सुया सोसू लागते. न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळचा असा जोड 1966 मध्ये प्रसिद्ध केला. आजही पहिली पसंती त्यालाच.

फिस्टुला ‘पिकला’ की नाही, हे ठरवायला सहाचा पाढा वापरतात: 6 आठवड्यांत प्रवाह मिनिटाला 600 मिलिलिटर, शिरेचा व्यास 6 मिलिमीटर आणि कातडीपासून खोली 6 मिलिमीटरपेक्षा कमी. जोड देण्याआधी मनगटाच्या रोहिणीतून मिनिटाला जेमतेम 20-30 मिलिलिटर रक्त वाहत असतं, हे लक्षात घेतलं की ही उडी केवढी आहे ते कळतं. बऱ्याच हातांना ती जमत नाही. टाके सुकतात, आठवडे जातात, शीर होती तेवढीच राहते. तोवर डायलिसिस मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवर, चालतं आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार डोक्यावर असते.

मग सरळ कोपराजवळच जोड का देऊ नये? तिथली रोहिणी जाड असते, प्रवाह भरपूर मिळतो. कधीकधी नको तेवढा मिळतो. हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकतं. त्यातलं दीड-दोन लिटर एकट्या फिस्टुलातून परत येऊ लागलं, तर हृदय दमतं. शिवाय बोटांच्या वाटचं रक्त मध्येच पळवलं जातं. हात गार पडतो, बोटं दुखतात. डॉक्टर याला ‘स्टील’ म्हणतात, म्हणजे चोरी.

थोडक्यात, मनगट की कोपर हा प्रश्न आज सोडवायचा आणि उत्तर दीड महिन्यानं मिळणार. कॉम्प्युटर सिम्युलेशन इथे उपयोगी पडतं. इटलीतल्या बेर्गामोच्या मारियो नेग्री संस्थेतल्या संशोधकांनी युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर अशी प्रणाली तयार केली आणि प्रत्यक्ष पेशंटवर ती पडताळून 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हातातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं कॉम्प्युटर विजेच्या सर्किटसारखं मांडतो. रक्तदाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट, अरुंद नळी म्हणजे मोठा रोध. डॉपलर सोनोग्राफीतून पेशंटच्या रोहिण्या आणि शिरांचे व्यास मिळतात. त्यात वय, रक्तदाब आणि मधुमेह आहे का, ही माहिती घालायची. मग मनगटाजवळ ‘वायर’ जोडून पाहायची, ती काढून कोपराजवळ जोडायची. साध्या कॉम्प्युटरवरही हे गणित चटकन होतं.

पण जोड दिल्या दिवशीचा प्रवाह सांगून भागत नाही, कारण रक्तवाहिनी म्हणजे प्लास्टिकची नळी नव्हे. तिच्या आतल्या पेशींना वाहत्या रक्ताचं घर्षण जाणवतं. प्रवाह वाढला की घर्षण वाढतं, पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंत सैलावते आणि पुढच्या आठवड्यांत नळी खरोखरच रुंद होते. घर्षण पूर्वीच्या पातळीवर आलं की ती थांबते. प्रवाह आठपट झाला, तर व्यास दुप्पट होताच घर्षण पुन्हा होतं तिथे येतं. मात्र नळी रुंद झाल्यानं प्रवाह आणखी वाढतो, म्हणजे पुन्हा घर्षण, पुन्हा रुंदी. हे चक्र कॉम्प्युटर फिरवत राहतो आणि सहाव्या आठवड्यातला आकडा काढतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. समजा, पडद्यावर ‘मनगट’ या पर्यायापुढे मिनिटाला 750 मिलिलिटर हा आकडा आला आणि ‘कोपर’पुढे 1,900, तर सर्जन मनगटाला हात घालील. मनगटापुढे 250 दिसला, तर तो दोनदा विचार करील.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास मात्र टाकू नये. नळीचा रोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. 2 मिलिमीटरची शीर चुकून 2.2 मोजली गेली, तर गणितात त्या तुकड्यातून जवळजवळ दीडपट रक्त वाहू लागतं. आणि अशी चूक व्हायला खोलीतला एसी पुरतो, कारण गारठ्यानं शीर आक्रसते. म्हणून मोजणाऱ्याचा हात आणि खोलीची ऊब या गोष्टी सॉफ्टवेअरइतक्याच महत्त्वाच्या. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. जोडाच्या जरा पुढे शिरेच्या आतल्या अंगाला पेशींचा थर वाढून ती अरुंद होते. कोणाच्या हातात हे होईल, याचा अंदाज अजून नीटसा बांधता येत नाही.

आणि शिरेचा पूर्वइतिहास! दोन वर्षांपूर्वी त्याच शिरेत चार दिवस सलाइन लागलं असेल, तर आत व्रण असू शकतो आणि बाहेरून मोजलेल्या व्यासात तो दिसेलच असं नाही. म्हणून किडनीचा आजार बळावत चाललेल्या माणसानं तपासणीसाठी रक्त द्यायला गेल्यावर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात पुढे करू नये. तळहाताच्या मागच्या बाजूची शीर घ्या, असं सांगावं.