नोंदवहीत नसलेले पूर्वज : इंग्लंडमधील पॅरिश आणि चॅपेलच्या दफ्तरांची पार्श्वभूमी

विल्यम कॅरी हे नाव मराठी अभ्यासकांना परिचित आहे ते १८०५ सालच्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० साली बंगालमधील सेरामपूरला मोडी लिपीत छापलेल्या शब्दकोशामुळे. त्यांचा जन्म १७६१ साली नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला आणि त्यांचे वडील पुढे त्याच गावच्या पॅरिशचे क्लार्क झाले. १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या चर्चमध्ये डॉरथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह लागला; वधूला लिहिता येत नसल्याने नोंदवहीत तिच्या सहीच्या जागी फुली आहे. १७८३ च्या ऑक्टोबरात बावीस वर्षांच्या कॅरींनी नेन नदीत उतरून बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. विवाहाच्या वेळी ते मनाने राजमान्य चर्चपासून, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून, दुरावलेले होते, तरीही लग्न मात्र त्याच चर्चमध्ये लागले. याचे कारण त्यांच्या श्रद्धेत शोधण्यात अर्थ नाही, ते कायद्यात सापडते. इंग्लंडमधील पूर्वजांचा माग काढणाऱ्याने कोणतीही नोंद वाचण्याआधी त्या साली कायदा काय होता हे पाहावे लागते, ते यासाठीच.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गाव किंवा वस्ती. प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी वहीत लिहून ठेवावेत असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये काढला. दर रविवारी, चर्चच्या कारभाऱ्यांसमक्ष, मागील आठवड्याच्या नोंदी करायच्या आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, अशी ती व्यवस्था होती. हा नव्या कराचा डाव असावा, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली. ही शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण १६९५ पासून काही वर्षे जन्म, विवाह आणि दफन यांवर खरोखरच कर बसला, आणि १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्स मुद्रांकशुल्क आकारले जाऊ लागले. या दुसऱ्या करातून कंगालांना सूट होती. त्यामुळे त्या दशकातील नोंदीपुढे ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, असा शेरा दिसला, तर घराणे भिकेला लागले होते असा निष्कर्ष घाईने काढू नये. सूट मिळवण्यासाठी किंवा देण्यासाठीही तो शब्द सढळ हाताने वापरला जाई. १७९४ मध्ये हे शुल्क रद्द झाले.

सुरुवातीच्या बहुतेक वह्या कागदी होत्या आणि त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या. १५९८ च्या सुमारास जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला, पण त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ नंतरच्या, नोंदींवर विशेष भर होता. साहजिकच कित्येक पाद्र्यांनी आधीच्या वीस वर्षांना हात लावला नाही, आणि अनेक गावांचे दफ्तर आज १५५८ पासूनच सुरू होते. त्याच सुमारास दरवर्षीच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवण्याची पद्धत पडली. मूळ वही जळाली, कुजली किंवा उंदरांनी खाल्ली, तर ही नक्कलच कामी येते. शिवाय दोन्ही उपलब्ध असताना त्या ताडून पाहिल्या तर त्यांत फरकही आढळतात, म्हणून अनुभवी शोधक एकीवर भागवत नाही.

१६४२ नंतरच्या यादवीत पाद्री पळाले, हाकलले गेले, आणि वह्या कोऱ्या राहिल्या. १६५३ मध्ये क्रॉमवेल नावाच्याच, पण वेगळ्या माणसाच्या, म्हणजे ऑलिव्हर क्रॉमवेलच्या, राजवटीत, विवाह न्यायाधीशापुढे लावण्याचा आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्म नोंदवण्याचा कायदा झाला. राजेशाही परतली आणि १६६२ च्या एकरूपता कायद्याने प्रार्थनेची ठराविक पद्धत न स्वीकारणाऱ्या सुमारे दोन हजार पाद्र्यांना पदे सोडावी लागली. नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे राजमान्य चर्चशी न जुळवून घेणारे पंथ, यानंतर स्पष्टपणे वेगळे झाले : प्रेस्बिटेरियन, इंडिपेंडंट, बाप्टिस्ट, क्वेकर, आणि पुढच्या शतकात मेथडिस्ट. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने यांतील आधीच्या पंथांना उघडपणे प्रार्थना करण्याची मुभा दिली, परंतु त्यांच्या वह्यांना न्यायालयात पुराव्याचे स्थान मिळाले नाही.

मार्च १७५४ पासून अमलात आलेल्या हार्डविक विवाह कायद्याने तर क्वेकर आणि यहुदी वगळता सर्वांना राजमान्य चर्चमध्येच विवाह करणे भाग पाडले. कॅरी दांपत्याचे लग्न पिडिंग्टनच्या चर्चमध्ये लागले ते या कायद्यामुळे. म्हणून १७५४ ते १८३७ या काळात चॅपेलमधील, म्हणजे या वेगळ्या पंथांच्या प्रार्थनास्थळात जाणाऱ्या, कुटुंबाचा विवाह पॅरिशच्या वहीत शोधावा आणि मुले मात्र चॅपेलच्या वहीत. त्यातही बाप्टिस्ट घरात अर्भकाला बाप्तिस्मा देत नसल्यामुळे मिळालीच तर जन्माची नोंद मिळते. मेथडिस्ट पाद्री दर काही वर्षांनी बदलून जात आणि वही आपलीच समजून कधी कधी बरोबर नेत. तेव्हा एखाद्या गावची नोंद भलत्याच परगण्यात सापडली तर आश्चर्य वाटू नये.

क्वेकरांची दफ्तरे यांत सर्वांत नेटकी. त्यांच्या विवाहपत्रावर सभेला हजर असलेले सारे सह्या करीत, त्यामुळे एका कागदावर आख्खा गोतावळा हाती लागतो. मात्र महिन्यांची नावे मूर्तिपूजकांच्या देवांवरून आली म्हणून ते आकडे लिहीत, आणि १७५२ पर्यंत इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, ‘अकरावा’ म्हणजे जानेवारी. हे विसरले की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले ‘सिद्ध’ होते!

पुराव्याची उणीव भरून काढण्यासाठी लंडनमधील डिसेंटर, म्हणजे नॉनकन्फॉर्मिस्ट, मंडळींनी १७४० च्या दशकात डॉ. विल्यम्स यांच्या नावाच्या ग्रंथालयात जन्मनोंदीची मध्यवर्ती सोय केली. वारसाहक्काचा प्रश्न उभा राहू शकेल अशी, म्हणजे काही मालमत्ता असलेली, घरे तिचा लाभ अधिक घेत. प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या बायकांच्या साक्षी या दाखल्यांवर आढळतात. कित्येक दाखल्यांत आईच्या आईवडिलांची नावेही आहेत. त्या काळच्या पॅरिशच्या वहीत मात्र ‘जॉन, विल्यम व मेरी यांचा मुलगा’ एवढी एकच ओळ पुष्कळ मानली जाई. पॅरिशची वही सुधारली ती १८१३ पासून. छापील तक्ते आले, पानावर आठ बाप्तिस्मे, राहण्याचे ठिकाण आणि बापाचा व्यवसाय यांसाठी रकाने, आणि ठेवायला लोखंडी पेटी.

१ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, आणि १८४० च्या कायद्याने सरकारजमा झालेल्या चॅपेलच्या वह्यांना अखेर पुरावा म्हणून मान्यता मिळाली. कॅथलिकांनी बहुतांशी आपल्या वह्या दिल्या नाहीत. सरकारजमा झालेल्या वह्या आज लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅरिशच्या जुन्या वह्या बहुधा परगण्याच्या अभिलेखागारात सापडतात. त्यामुळे एकाच जोडप्याचा विवाह एका शहरात आणि त्यांच्या मुलांचे जन्म दुसऱ्या शहरात वाचावे लागतात.