नॉर्मंडी: बाजूला सरकलेलं धुराडं आणि बिनखिडकीचा हॉल

नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाच्या फर्स्ट क्लास डायनिंग हॉलला खिडकीच नव्हती. म्हणजे चारी बाजूंना अटलांटिक आणि जेवताना पाण्याचा थेंबही दिसायचा नाही! हॉल 93 मीटर लांब, व्हर्सायच्या राजवाड्यातला तो प्रसिद्ध आरसेमहाल 73 मीटरचा आहे त्याच्याहून लांब, तीन मजले उंच, आणि 700 माणसं एका वेळी जेवतील एवढा. उजेड सगळा विजेचा, रने लालिक या फ्रेंच काच-कलाकाराच्या काचेचे उंच स्तंभ आतून पेटवलेले, आणि 1935 सालीच हॉलला एसी.

लोक लालिकचंच कौतुक करतात, ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर खरी कमाल धुराड्याची. जहाजात खाली बॉयलर असतात आणि त्यांचा धूर वर न्यायला जाडजूड नळ सगळ्या मजल्यांच्या बरोब्बर मधून जातात, म्हणजे कुठलाही मोठा हॉल काढा, मध्ये हा नळ आडवा येणारच. नॉर्मंडीत हे नळ खालीच दोन भागांत फोडले, जहाजाच्या दोन कडांनी वर नेले आणि वर जाऊन परत एकत्र केले, त्यामुळे मधली सगळी जागा मोकळी झाली आणि एका दालनातून पुढच्या दालनात आरपार नजर जायला लागली. बाहेरून तीन धुराडी दिसायची, त्यातलं तिसरं चक्क नकली, धुराशी त्याचा काही संबंधच नाही, ऐटीसाठी उभं केलेलं. पोकळ जागा वाया नको म्हणून प्रवाशांच्या कुत्र्यांची सोय तिथे केली होती.

ग्रँड सलूनमध्ये जाँ द्युपा या चित्रकाराची जहाजांच्या इतिहासाची भलीमोठी चित्रं होती, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली. हे काम डोकं फिरवणारं आहे, कारण क्रम सगळा उलटा. कागदावर आपण आधी पार्श्वभूमी आणि शेवटी डोळ्यातली चमक काढतो, इथे चमक आधी, बारीक रेघा आधी, त्यामागे सोन्याचांदीचा वर्ख, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, आणि चुकलं तर वरून दुरुस्ती करायला वावच नाही. काच पुढे असल्यामुळे वर्खाला हात लागत नाही आणि दिव्याचा उजेड काचेतून जाऊन वर्खावर आपटून परत येतो, म्हणून चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं.

स्मोकिंग रूममधले सोनेरी लॅकरचे पॅनल जाँ द्युनाँचे. लॅकरची कला तो पॅरिसमध्ये सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडून शिकला होता. बांगड्यांची लाख किड्यांपासून मिळते, हा लॅकर मात्र झाडाचा चीक. आणि गंमत म्हणजे तो नेहमीच्या रंगासारखा वाळत नाही, त्याला दमट हवाच लागते! चिकात उरुशिओल नावाचं द्रव्य असतं आणि सोबत एक एन्झाइम, ओलावा मिळाला की हे एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरून उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंफतं आणि कडक जाळं तयार होतं, मग पाणीच काय, आम्लसुद्धा त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. पातळ थर द्यायचा, दमट जागेत ठेवायचा, घासायचा, परत थर, असं कितीतरी वेळा.

जहाजाचा आकार व्लादिमीर युर्केविच या रशियन इंजिनिअरचा. झारच्या नौदलासाठी तो युद्धनौका आखायचा, क्रांतीनंतर देश सोडला आणि फ्रान्समध्ये काही काळ मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली. त्याने जहाजाच्या नाकाखाली पाण्यात एक फुगवटा दिला. फुगवट्यामुळे उठणारी लाट आणि नाकाने उठवलेली लाट एकमेकींना बऱ्यापैकी मारतात, लाटा उठवण्यात जाणारी ताकद वाचते. वाफेवर फिरणारी टर्बाइन जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यांना थेट न जोडता टर्बाइनवर वीज बनवायची आणि त्या विजेवर पंख्यांच्या मोटरी फिरवायची सोय होती, म्हणून गिअरचा खडखडाट नाही. मे 1935 मध्ये पहिल्याच फेरीत नॉर्मंडीने अटलांटिक ओलांडायचा रेकॉर्ड मोडला, साधारण 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने.

पण मागच्या भागात जहाज थरथरायचं, आणि तेही वैतागवाणं. पंख्याचं प्रत्येक पातं जहाजाच्या तळाजवळून गेलं की पाण्याचा एक धक्का बसतो, तीनच पाती असली की धक्के मोठे. पुढच्या हिवाळ्यात चार पात्यांचे पंखे बसवल्यावर त्रास बराच कमी झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे जहाज ताब्यात घेतलं आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याचं सैनिकी जहाज करायचं काम काढलं. 9 फेब्रुवारी 1942 ला गॅस कटरची ठिणगी कापोकच्या कापसाने भरलेल्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडली आणि आग भडकली. चित्रं आणि बरंचसं सामान आधीच उतरवलं होतं म्हणून वाचलं, द्युपाच्या काही काचा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. जहाज मात्र आगीपेक्षा पाण्याने घालवलं. बंबांनी ओतलेलं टनावारी पाणी वरच्या मजल्यांवर साचलं. परातीत पाणी भरून चालून बघा, जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते, अगदी तेच झालं. युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. तळाचे व्हॉल्व्ह उघडून पाणी आत घ्या, जहाज सरळ खाली गाळात बसेल, असं तो सांगत होता. उथळ पाण्यात ते सहज जमलं असतं, पण अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही. रात्री उशिरा जहाज कुशीवर पडलं. पुढच्या वर्षी मोठा खटाटोप करून ते सरळ केलं खरं, पण दुरुस्ती परवडणार नव्हती, आणि 1946 मध्ये 1,61,680 डॉलरला ते भंगारात विकलं. बांधायला सुमारे 6 कोटी डॉलर लागले होते.