स्वकार्यनिवेदन

स्वकार्यनिवेदन : नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी आपण केलेले काम, त्यातला आपला वाटा आणि त्याचा परिणाम संबंधितांपर्यंत पोचवण्याची रीत. अप्रेझलचा (वर्षभराच्या कामगिरीच्या मूल्यमापनाचा) फॉर्म, आठवड्याचा अहवाल, मुलाखत, बायोडेटा, लिंक्डइनवरची पोस्ट आणि सरकारी कार्यालयातील स्वयंमूल्यनिर्धारण ही तिची नेहमीची ठिकाणे. बढाईची हद्द तिला अगदी लागून आहे आणि बहुतेकांचे पाऊल त्या हद्दीपाशीच अडखळते. प्रस्तुत नोंद ठाणे व नवी मुंबई परिसरातील कार्यालये आणि कारखाने समोर ठेवून केली आहे.

या परिसरात हा प्रश्न विशेष तीव्र का झाला, याचे उत्तर तिथल्या कामाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा दिघ्यापासून नेरूळपर्यंतचा ठाणे-बेलापूर पट्टा रसायने, औषधे, यंत्रभाग अशा कारखान्यांनी भरत गेला. १९७० मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि शेजारी नवी मुंबई हे नवे शहर उभे राहू लागले. कारखान्यात माणसाचे काम चारचौघांच्या डोळ्यांसमोर असे. लेथवर कोणाचा हात बसला आहे, कोणत्या फिटरने हात लावला की पंप पुन्हा कुरकुरत नाही, हे फोरमनला विचारावे लागत नसे. पुढे याच पट्ट्यात ऐरोली, घणसोली, महापे येथे माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली, २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर लोकल सुरू झाली आणि कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडची मुले-मुली ठाण्याला गाडी बदलून इथे कामाला येऊ लागली. या नोकऱ्यांत काम स्क्रीनच्या आत होते. टीम लीड शेजारी बसतो, पण मॅनेजर बंगळुरूला किंवा पुण्याला असतो आणि क्लायंट परदेशात. घरून काम करण्याची पद्धत आल्यावर शेजारचा टीम लीडही आठवड्यातले काही दिवस दिसेनासा झाला. अशा रचनेत काम केले म्हणजे ते वरपर्यंत कळले, हे गृहीत धरता येत नाही.

मराठी घरांतून आलेल्या माणसाला इथे एक जुना संकोच आडवा येतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना ‘आपली आपण करी स्तुती’ हे आवर्जून नोंदवले आहे आणि त्याच ओवीत वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही त्याच पंक्तीला बसवले आहे. टिमकी वाजवणे, शेखी मिरवणे, स्वतःच्या आरत्या ओवाळणे, अशा वाक्प्रचारांवर वाढलेल्या माणसाला अप्रेझलच्या फॉर्मवर ‘मी’ लिहिताना अवघडल्यासारखे होते. उलट बाजूने ‘बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात’ हे व्यवहारज्ञानही त्याच घरात ऐकलेले असते. रामदासांचा आक्षेप स्तुतीला आहे, हकीकतीला नाही. आपण किती थोर हे ठरवण्याचे काम दुसऱ्याचे. काय घडले आणि त्यात आपण काय केले हे सांगण्याचे काम मात्र आपलेच, कारण ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, लोकांना न खुपता स्वतःची प्रशंसा कशी करावी यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आधुनिक काळात अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात माणूस इतरांसमोर स्वतःची प्रतिमा कशी उभी करतो याचा अभ्यास मांडला. पुढे १९८२ मध्ये जोन्स आणि पिटमन यांनी अशा प्रतिमा उभारण्याच्या पाच रीती वेगळ्या केल्या. समोरच्याला खूश ठेवणे, आपली कर्तबगारी दाखवणे, धाक घालणे, आदर्श वर्तनाचा ठसा उमटवणे आणि आपली असहायता दाखवणे, अशा त्या पाच. ठाण्यातल्या कोणत्याही ऑफिसात दोन वर्षे काढलेल्या माणसाला या पाचही रीतींची माणसे डोळ्यांसमोर येतील.

सांगणाऱ्याचा अंदाज कुठे चुकतो हेही संशोधनातून पुढे आले आहे. आयरीन स्कोपेलिटी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की स्वतःचे यश सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज जास्त लावतो आणि होणाऱ्या त्रासाचा कमी. व्हेरा हूरेन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासातला निष्कर्ष रोजच्या कामात थेट उपयोगी पडतो. ‘मी हे चांगले करतो’ असे म्हटले तर लोक फारसे दुखावत नाहीत, ‘मी इतरांपेक्षा चांगले करतो’ म्हटले की दुखावतात. तुलना आली, की ऐकणारा त्या इतरांमध्ये स्वतःलाही पाहतो. स्टेटस कॉलवर ‘आधीच्या टीमला जमले नाही ते आम्ही केले’ असे वाक्य टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, कारण आधीच्या टीममधला कोणी ना कोणी त्या कॉलवर असतोच.

खासगी कंपन्यांत स्वकार्यनिवेदनाचे मुख्य ठिकाण म्हणजे वार्षिक अप्रेझल. कर्मचारी फॉर्म भरतो, मॅनेजरशी बोलतो आणि त्याला वाटते की निर्णय त्या खोलीत झाला. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांत त्यानंतर मॅनेजर मंडळींची वेगळी बैठक होते, तिला कुठे कॅलिब्रेशन तर कुठे नॉर्मलायझेशन म्हणतात. सगळ्या टीमचे रेटिंग समोर ठेवून वरचे रेटिंग मोजक्यांना वाटले जाते. बेल कर्व्हची, म्हणजे थोड्यांना वरचे, बहुतेकांना मधले आणि थोड्यांना खालचे रेटिंग देण्याच्या पद्धतीची, सगळी हाणामारी तिथे चालते. ज्याचे रेटिंग ठरते तो तिथे नसतो आणि इतर मॅनेजरनी त्याला पाहिलेलेही नसते. त्याच्या बाजूने बोलायला त्याच्या मॅनेजरकडे दोन मिनिटे आणि दोन-तीन वाक्ये असतात. म्हणून स्वकार्यनिवेदनाची खरी कसोटी अशी, की आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्याला आपल्या गैरहजेरीत जसेच्या तसे सांगता आले पाहिजे आणि कोणी ‘कशावरून?’ विचारले तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. बढाई या कसोटीला उतरत नाही. ‘मी अत्यंत मेहनती आहे’ हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातले, की मागे काहीच उरत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. फॉर्ममध्ये ‘टीमला वेळोवेळी मोलाचे सहकार्य केले, सोपवलेली जबाबदारी निष्ठेने पार पाडली’ अशी वाक्ये सर्रास असतात. लिहिणाऱ्याला ती नम्र वाटतात. ती निव्वळ पोकळ असतात. त्यांत विशेषणे आहेत, काम नाही. त्याच माणसाने असे लिहिले तर : ‘महिनाअखेरचा बिलिंग रिपोर्ट तयार व्हायला दोन दिवस लागत. तीन एक्सेल शीटची जुळणी हाताने होत असे, ती मी स्क्रिप्ट लिहून बंद केली. ऑगस्टपासून रिपोर्ट पहिल्या दिवशी दुपारी जातो. पहिले दोन महिने अकाउंट्सने दोन्ही पद्धतींनी आकडे ताडून पाहिले.’ यात एकही विशेषण नाही. आधीची स्थिती आहे, केलेली गोष्ट आहे, नंतरची स्थिती आहे आणि साक्ष द्यायला अकाउंट्स विभाग आहे. मॅनेजर हे बैठकीत वाचून दाखवू शकतो. शेवटचे वाक्य लोक बहुधा गाळतात आणि खरे वजन त्यालाच असते.

आकडा देताना त्याचा आधार द्यावा लागतो. ‘वेळ निम्म्यावर आणला’ हे कशाच्या निम्म्यावर, हे सांगितले नाही तर ऐकणारा ते फुशारकीच्या खात्यात टाकतो. असे आकडे मार्च महिन्यात फॉर्म उघडल्यावर आठवत नाहीत. त्यामुळे काम झाले त्याच आठवड्यात दोन ओळी लिहून ठेवण्याची सवय हा या प्रथेचा सर्वांत कामाचा भाग आहे : तारीख, काय अडले होते, काय केले, कोणाला उपयोग झाला, कोणाचा मेल आला. वही चालते, मोबाइलमधली नोट चालते. फक्त कंपनीची गोपनीय माहिती आणि क्लायंटचा डेटा वैयक्तिक फोनवर उतरवू नये, एवढे पथ्य पाळावे.

सर्वांत कठीण असते ते काही घडू न देण्याचे काम सांगणे. मेंटेनन्स, सर्व्हर सांभाळणे, सुरक्षा, तपासणी या खात्यांत काम चोख झाले की दिसायला काहीच नसते. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस घ्या. रात्रपाळीत ब्रेकडाउन झाला आणि त्याने दोन तासांत लाइन सुरू केली, तर सकाळी साहेब पाठ थोपटतात. ब्रेकडाउन होऊच दिला नाही, तर कोणी विचारत नाही. अशा कामाचा पुरावा लॉगबुकमध्ये असतो. ‘या पंपाचे सील सहा महिन्यांत तीनदा बदलावे लागले होते, शाफ्टचे अलाइनमेंट तपासून दुरुस्त केले, पुढच्या सहा महिन्यांत सील एकदाही गेले नाही’ ही नोंद पाळी बदलताना तोंडी सांगून चालत नाही, लिहावी लागते. आग विझवणाऱ्याला श्रेय आणि आग लागू न देणाऱ्याला काही नाही, हा अन्याय इथल्या कंपन्यांत रोज होतो. त्यावर लेखी नोंदीखेरीज उपाय नाही.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा प्रश्नही मोठा आहे. मराठी माणूस स्वतः केलेल्या कामालाही ‘आम्ही केले’ म्हणतो. मुलाखतीत याचा तोटा होतो, कारण घेणाऱ्याला नेमका उमेदवाराचा वाटा हवा असतो. सगळ्यालाच ‘मी’ लावले, तर टीममधले सहकारी दुरावतात. एकत्र केलेल्या कामात प्रत्येकाला आपला वाटा जास्त वाटतो, हे मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवले होते. त्यांच्या एका पाहणीत नवरा-बायकोला घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांत दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज एकूण कामाहूनही जास्त भरली. आपली गोष्ट लबाडी नसतानाही फुगू शकते, ती अशी. उपाय साधा आहे. आपल्या भागाला ‘मी’, दुसऱ्याच्या भागाला त्याचे नाव, आणि खरोखर एकत्र केले त्याला ‘आम्ही’. सहकाऱ्याचे श्रेय सांगितल्याने आपले कमी होते ही भीती निराधार आहे. एरिक व्हॅनएप्स आणि सहकाऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासात स्वतःच्या कामाबरोबर सहकाऱ्याचेही काम सांगणारी माणसे लोकांना अधिक आपुलकीची वाटली आणि अधिक कर्तबगारही.

दुसऱ्याने केलेली शिफारस आपल्या बोलण्याहून चांगली उतरते. जेफ्री फेफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की तेच गुणवर्णन मध्यस्थाने केले तर माणूस अधिक आवडतो, मग तो मध्यस्थ पैसे घेऊन बोलतो हे ऐकणाऱ्याला माहीत असले तरी. ऑफिसात या मध्यस्थाची जागा अप्रिसिएशन मेल घेतो. काम आवडल्याचे क्लायंटने किंवा दुसऱ्या विभागाने फोनवर सांगितले, तर ‘दोन ओळी मेलवर टाकाल का, माझ्या मॅनेजरना सीसीमध्ये ठेवून?’ असे विचारण्यात काही गैर नाही.

नम्रतेच्या आडून केलेली बढाई हा प्रकार लिंक्डइनमुळे फोफावला. ‘एवढ्या मोठ्या व्यासपीठावर मला का बोलावले कळत नाही’ किंवा ‘सगळे अवघड प्रोजेक्ट माझ्याच गळ्यात का पडतात’ ही त्याची रूपे. ओव्हुल सेझर, फ्रान्सेस्का जिनो आणि मायकेल नॉर्टन यांच्या २०१८ च्या अभ्यासात अशी बढाई सरळ बढाईपेक्षाही कमी परिणामकारक ठरली, कारण ती लोकांना खोटी वाटते. आनंद झाला असेल तर तसे सरळ लिहावे.

स्त्रियांच्या बाबतीत वरचे सगळे सल्ले अपुरे पडतात. लॉरी रडमन यांनी १९९८ मध्ये दाखवले, की ठामपणे आपले काम सांगणाऱ्या स्त्रीची कर्तबगारी मान्य होते, पण ती लोकांना कमी आवडू लागते. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर यांच्या २०२२ च्या अभ्यासात चाचणीतली कामगिरी सारखी असूनही स्त्रियांनी स्वतःला पुरुषांपेक्षा कमी गुण दिले, आणि खरी कामगिरी सांगितल्यावरही हे अंतर मिटले नाही. ज्या बाईला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे ‘फार बोलते’ हे ऐकावे लागले आहे, तिला आणखी धीट हो म्हणून सांगणे अन्यायाचे आहे. इथली जबाबदारी मॅनेजरची. फॉर्मवर स्वतःला किती गुण दिले यावर न जाता कामाची यादी मागवावी, आणि बैठकीत एखाद्या मॅडमची कल्पना दुसऱ्याच्या नावावर खपू लागली की तिथल्या तिथे ‘हे आधी त्यांनी मांडले होते’ असे म्हणावे.

सरकारी कार्यालयांत, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात किंवा ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, हे सारे एका ठरीव चाकोरीतून जाते. अधिकारी आपल्या कामाचे स्वयंमूल्यनिर्धारण लिहितो, प्रतिवेदन अधिकारी त्यावर शेरा देतो, पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो. पूर्वी गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई. देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे असे सांगितले. त्या प्रकरणात ‘चांगला’ हा वरकरणी निरुपद्रवी शेराच बढतीच्या आड आला होता, कारण बढतीसाठी ‘खूप चांगला’ लागत होता. स्वयंमूल्यनिर्धारणात मोघम लिहिले की मोघम शेरा येतो, आणि पुढे त्याविरुद्ध दाद मागताना हाताशी काही राहत नाही.

कंत्राटी कामगार या चाकोरीच्या बाहेरच राहिले आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हाउसकीपिंग, पॅकिंग, लोडिंग, सुरक्षा आणि मशीनवरचेही बरेच काम कंत्राटदारामार्फत चालते. त्यांना फॉर्म नाही, अप्रेझल नाही. त्यांचे काम कंत्राटदाराच्या बिलात एक संख्या म्हणून जाते. कंत्राटदार बदलला की जागा तीच राहते आणि अनुभव शून्यावर येतो. यांच्यासाठी स्वकार्यनिवेदन म्हणजे कागद जमवणे. दर महिन्याची पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन क्रमांक, गेटपासची प्रत, ट्रेनिंगचे प्रमाणपत्र, आणि काम सोडताना मिळणारा अनुभवाचा दाखला. दाखल्यावर ‘हेल्पर म्हणून काम केले’ एवढेच असेल तर ते पुरेसे नाही. कोणते मशीन चालवले, कोणती पाळी सांभाळली, किती काळ, हे सुपरवायझरकडून लिहून घ्यावे, आणि तेही कंत्राट संपण्याआधी, कारण नंतर सही करणारा माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.