रबिंग-पॉलिश करण्याआधी

काळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळं उमटतात. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून चमकवणारे, त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. फडकं गोल फिरवल्यामुळे ती पडली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रतिबिंबापासून निघणाऱ्या रेषेला जे आडवे पडतात, तेवढेच उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतात. म्हणून आपण जागा बदलली की वर्तुळंही सरकतात. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटातही हेच दिसतं. पांढऱ्या गाडीलाही ओरखडे तितकेच असतात. पण मुळात पांढरा रंगच उजेड विखुरतो, त्यात ते लपून जातात.

हे ओरखडे रंगावर नसतात, रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटवर असतात. कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट चढतो. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट बहुधा 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. अतिनील किरण शोषणारी रसायनं याच थरात असतात.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं नव्हे, खरवडणं आहे. त्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. मशीनवरचा फोम पॅड ते कण फिरवतो आणि ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवतो. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड विखुरण्याऐवजी एकाच दिशेने परततो, तीच चमक. मात्र झिजलेला थर परत येत नाही. वॅक्स लावून तो भरून निघत नाही. म्हणून दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश करून घ्या’ हा सल्ला मला घातक वाटतो. क्लिअर कोट फार पातळ झाला की काही वर्षांनी टपावर पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज उरत नाही. चांगला कारागीर मशीन लावण्याआधी मीटरने रंगाची जाडी मोजतो. तुमचा मोजत नसेल, तर जरूर विचारा.

काही पॉलिशमधलं तेल ओरखडे नुसतं बुजवतं. चारदोनदा गाडी धुतली की रेघा पुन्हा वर येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून पाहिलं की खरं काम किती झालं ते तिथंच कळतं.

मुळात ओरखडे येतात ते रोज सकाळच्या कोरड्या पुसण्यातून. धुळीतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापात (खनिजांची कठीणता सांगणारी 1 ते 10 ची पट्टी) 7, आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची 6. फडक्याखाली हे कण क्लिअर कोटवरून घसटत जातात. आधी पाण्याचा फवारा, मग भरपूर शाम्पू, एक बादली फेसाची आणि दुसरी फक्त मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला; एवढ्याने पॉलिशची वेळ कितीतरी लांबते.

आतल्या सफाईत पाणी जपून वापरावं. पावसाळ्यात सीट शाम्पूने धुतल्या आणि आतला फोम ओला राहिला, तर बुरशीचा वास बसतो. तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ विंडशील्डवर आतून तेलकट थर धरते. रात्री समोरच्या हेडलाइटचा उजेड त्यावर पसरतो, म्हणून काच आतूनही पुसायला हवी. आणि डॅशबोर्डला चकाकी देणारं सिलिकॉनचं पॉलिश टाळाच. तिथला पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत, मॅट ठेवलेला असतो, कारण काचेत त्याचं प्रतिबिंब दिसलं तर समोरचा रस्ता नीट दिसत नाही.