दृष्टिपटलाचे वर्णपटीय प्रतिमांकन

दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश अनेक अरुंद तरंगलांबी-पट्ट्यांत वेगवेगळा टिपून, त्यांच्या तुलनेवरून तेथील रंगद्रव्ये व रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण जोखण्याचे हे तंत्र आहे. नाशिककडे रुग्ण ज्याला ‘डोळ्याचा पडदा’ म्हणतात तो म्हणजेच दृष्टिपटल. डोळ्याच्या आतील मागच्या बाजूचे चित्र घेणारा साधा फंडस कॅमेरा लाल, हिरवा व निळा अशा तीन रुंद पट्ट्यांतच चित्र घेतो. बहुवर्णपटीय कॅमेरा काही मोजक्या अरुंद पट्ट्या वापरतो, तर अतिवर्णपटीय कॅमेऱ्यात त्यांची संख्या शंभरावरही जाते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची उपग्रहचित्रे वाचणाऱ्यांना यामागचे तत्त्व परके वाटणार नाही. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश जोराने परतवते. हा तोल ढळू लागल्याचे पान पिवळे पडण्याआधीच चित्रात उमटू शकते. दृष्टिपटलावर हरितद्रव्याची जागा हिमोग्लोबिन घेते. सुमारे ५७० नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन जवळपास सारखाच शोषतात, मात्र ६०० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन कितीतरी अधिक शोषते. त्यामुळे एकाच रक्तवाहिनीच्या या दोन चित्रांतील काळोखीची तुलना केली की ऑक्सिजन-संपृक्ततेचा, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त आहे याचा, अंदाज बांधता येतो. हिकम आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये छायाचित्रांवरूनच दृष्टिपटलाच्या शिरांमधील संपृक्तता मोजण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

निरोगी डोळ्यात धमन्यांतील संपृक्तता नव्वद टक्क्यांच्या वर आणि शिरांतील साठ टक्क्यांच्या आसपास आढळते. मुख्य शीर तुंबल्यास शिरांतील ऑक्सिजन घटतो, हे अपेक्षितच आहे. मधुमेही दृष्टिपटलविकारात मात्र तो वाढलेला दिसतो, आणि प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. त्याचे एक स्पष्टीकरण असे की केशवाहिन्या बंद पडल्यावर रक्त आडवाटेने थेट शिरेत उतरते, आणि ऊती उपाशी राहत असतानाच ऑक्सिजन न वापरता परत जातो. पीतबिंदूतील, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागातील, पिवळे रंगद्रव्य सुमारे ४६० नॅनोमीटरला सर्वाधिक शोषण करत असल्याने त्याचीही मोजणी याच मार्गाने होते.

अडचणी मुख्यतः प्रकाशाच्या वाटेतल्या आहेत. वयोमानाने पिवळसर झालेले नेत्रभिंग आणि मोतीबिंदू निळा प्रकाश अडवतात, तर दृष्टिपटलामागचे मेलॅनिन परतणारा वर्णपटच बदलते. म्हणून फिकट डोळ्यांवर ठरवलेली प्रमाणे गडद डोळ्यांच्या भारतीय रुग्णाला जशीच्या तशी लावणे, आमच्या मते, धोक्याचे ठरेल. शिवाय फिल्टर एकामागून एक बदलत असताना डोळा हलला तर चित्रे जुळत नाहीत. सर्व पट्ट्या एकाच क्षणी टिपणारे कॅमेरे हा दोष टाळतात, पण त्यांची सूक्ष्मता सहसा कमी भरते.

फ्लुओरेसीन अँजिओग्राफी या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या चित्रतपासणीत हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचावे लागते, त्याने काहींना मळमळ व क्वचित तीव्र ॲलर्जी होते. वर्णपटीय प्रतिमांकनात केवळ प्रकाश पुरतो. असे असले तरी हे तंत्र अद्याप बव्हंशी संशोधनात आहे. सुरगाणा किंवा पेठहून नाशिकला पडदा दाखवायला आलेल्या मधुमेहीची तपासणी आजही बाहुली मोठी करणारे थेंब, फंडस चित्र आणि गरजेप्रमाणे ओसीटी (प्रकाशाने दृष्टिपटलाच्या थरांचे छेदचित्र घेणारी तपासणी) यांवरच होते.