वेळफरकासह दिनांक-साठवण (रिलेशनल डेटाबेस)

रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या संगणकीय साठ्यात, घटनेची तारीख व वेळ नोंदवताना ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे वा मागे आहे, हेही सोबत ठेवण्याची पद्धत. या फरकाला संगणकक्षेत्रात ‘ऑफसेट’ म्हणतात. भारतीय प्रमाणवेळेचा ऑफसेट +०५:३० असल्याने भारतातली नोंद साधारणपणे ‘२०२४-०६-१० ०५:१५:००+०५:३०’ अशी दिसते.

यामागची कल्पना खानदेशाला परकी नाही. भारतीय ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारी रेषा मुख्य मानत आणि इतर ठिकाणांच्या गणितात ‘देशांतर’ संस्कार, म्हणजे त्या रेषेपासूनच्या पूर्व-पश्चिम अंतरानुसार दुरुस्ती, करत. ती रेषा दक्षिणेकडे वाढवली की भुसावळजवळून जाते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शके ११२८ चा (इ. स. १२०७) शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची माहिती त्यात मिळते. पाटण्याचे उज्जयिनीपासूनचे देशांतर वेळेच्या मापाने सुमारे तीन मिनिटे भरते. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावर बेतली गेली. त्यामुळे जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या मानाने सरासरी २७-२८ मिनिटे उशिरा, नंदुरबारला सुमारे ३३ मिनिटे. घड्याळातली वेळ ही ठरवून घेतलेली गोष्ट आहे आणि डेटाबेसची रचना करताना हे विसरले की चुका सुरू होतात.

वेळ म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी नोंदवतो : जगभर एकच असलेला क्षण, त्या जागी भिंतीवरचे घड्याळ दाखवत होते ती वेळ, आणि नुसता दिवस. यूटीसीतली नोंद पहिली गोष्ट सांगते, ऑफसेट जोडला की दुसरीही कळते. तिसरीला या दोहोंची गरज नसते.

भारतात पहाटेचे ५:३० वाजतात तेव्हा यूटीसीची मध्यरात्र असते. गावातले दूध संकलन केंद्र पाच वाजता उघडत असेल तर नेमकी याच वेळी केंद्रावर रांग लागलेली असते. एखाद्या सभासदाचे दूध १० जूनला ५:१५ ला मापले आणि ११ जूनला, गाय उशिरा पान्हावली म्हणून, ५:४० ला. वेळ यूटीसीत साठवून अहवालही यूटीसीच्या तारखेनेच काढला, तर पहिली नोंद ९ जूनला जाते आणि दुसरी ११ लाच राहते. १० तारखेला सकाळचे दूध आलेच नाही असे दिसते. उलटे घडले, म्हणजे आधी ५:४० आणि दुसऱ्या दिवशी ५:१५, तर एकाच तारखेवर दोन सकाळी चढतात. दर दहा दिवसांनी बिल निघत असेल तर ११ तारखेचे पहाटेचे दूध आधीच्या बिलात सरकते. लिटर बरोबर, फॅट बरोबर, पैसेही शेवटी बरोबर, पण पावती आणि बिल यांचा मेळ बसत नाही आणि सभासदाचा केंद्रचालकावरचा विश्वास उडतो. येथे साठवण चुकलेली नसते. चूक असते ती दिवसवार बेरीज करण्यापूर्वी वेळ भारतीय वेळेत न आणण्याची. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘ॲट टाइम झोन’ या पदाने ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग (एकच घड्याळ पाळणारा प्रदेश) सांगितला की काम होते. दुधासाठी मात्र ‘संकलन-दिनांक’ आणि ‘सकाळ/संध्याकाळ’ असे वेगळे रकानेच ठेवावेत, हे अधिक शहाणपणाचे.

डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या एसक्यूएल-९२ या मानकात ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा प्रकार आला, पण प्रत्येक डेटाबेसने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. पोस्टग्रेसमध्ये या नावाचा रकाना ऑफसेट साठवतच नाही. दिलेल्या ऑफसेटने वेळ यूटीसीत बदलली जाते, आठ बाइटांत तो क्षण उरतो आणि वाचताना, वाचणाऱ्याच्या जोडणीसाठी (सत्रासाठी) जो कालविभाग ठरवलेला असेल त्याप्रमाणे दाखवला जातो. ओरॅकल हा डेटाबेस त्याच नावाच्या प्रकारात ऑफसेट किंवा विभागाचे नाव खरोखर जपते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ‘डेटटाइमऑफसेट’ आहे. तो −१४:०० ते +१४:०० पर्यंतचा ऑफसेट ठेवतो, विभागाचे नाव ठेवत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प’ दिलेली वेळ यूटीसीत बदलतो आणि १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला, त्याची मर्यादा संपते. त्याचाच ‘डेटटाइम’ दिलेली वेळ विभागाच्या माहितीशिवाय जशीच्या तशी ठेवतो.

ऑफसेट जपण्याचा खरा उपयोग व्यवहार दोन देशांत होतो तेव्हा कळतो. रावेरच्या पॅकहाउसमधून केळीच्या खोक्यांचे फोटो १०:१५ ला चढवले आणि दुबईच्या खरेदीदाराने ९:०० ला माल मंजूर केला. नुसते आकडे पाहिले तर फोटो येण्याआधीच मंजुरी मिळालेली दिसते. ०९:००+०४:०० म्हणजे आपले १०:३०, हे लक्षात घेतले की क्रम जुळतो. क्रमासाठी यूटीसी पुरेसे आहे. पण खरेदीदाराने त्याच्या सकाळी नऊला, कार्यालय उघडताच मंजुरी दिली का रात्री उशिरा, हा प्रश्न वादात आला तर त्याचा ऑफसेट हवा. एसक्यूएल सर्व्हर व ओरॅकल तुलना मात्र क्षणाचीच करतात. म्हणून १०:३०+०५:३० आणि ०९:००+०४:०० या नोंदी त्यांच्या लेखी समान ठरतात आणि ‘युनिक’ निर्देशांक, म्हणजे रकान्यात एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी सोय, दुसरी नोंद नाकारतो.

ऑफसेट म्हणजे कालविभाग नव्हे; एकाच कालविभागाचा ऑफसेट वर्षात बदलू शकतो. भारतात वर्षभर एकच ऑफसेट असल्याने आपल्याकडच्या प्रोग्रामरना हा भेद जाणवत नाही. लंडनच्या ग्राहकाशी १ एप्रिलला तिथल्या सकाळी दहाची बैठक जानेवारीत ठरली आणि जानेवारीतला ऑफसेट +००:०० चिकटवून ठेवला, तर जळगावात दुपारी ३:३० दिसेल. प्रत्यक्षात मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनचे घड्याळ तासभर पुढे गेलेले असेल आणि बैठक २:३० लाच सुरू होईल. सरकारे नियमही बदलतात : इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा लागू केली. म्हणून भविष्यातल्या भेटींसाठी स्थानिक वेळ आणि विभागाचे नाव ठेवावे, घडून गेलेल्या घटनांसाठी क्षण आणि ऑफसेट.

जन्मतारखेला यातले काहीच लावू नये. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही तारीख पानोपानी आढळते. ती ‘१ जून, ००:००+०५:३०’ अशी साठवली की यूटीसीत ३१ मे, १८:३० होते आणि एखाद्या अहवालात विद्यार्थी एक दिवसाने मोठा होतो. त्यासाठी साधा ‘डेट’ प्रकारच योग्य.

जुन्या कागदांचे संगणकीकरण करताना आणखी जपावे लागते. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारताचे घड्याळ तासभर पुढे, +०६:३० वर होते. ‘आशिया/कोलकाता’ विभागाच्या नियमांत हे नोंदलेले असल्याने धुळ्यातल्या १९४३ च्या जन्मवेळेला डेटाबेस आपोआप +०६:३० लावील, तर हाताने +०५:३० लिहिणारा तासाने चुकेल. मात्र नोंद करणाऱ्याने त्या वेळी घड्याळ खरोखर पुढे केले होते का, हे कागदावरून नेहमीच कळत नाही. अशा ठिकाणी कागदावरची वेळ जशी आहे तशी मजकूर म्हणून ठेवावी आणि गृहीत धरलेला ऑफसेट शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावा.