किडनीची अरुंद धमनी आणि बीपी: ती दिसायला कशी लागली

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून थोडा आवळला. रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. रक्त कमी पडलं की किडनी रेनिन हे रक्तदाब चढवणारं द्रव्य सोडते. ते १८९८ मध्येच सापडलं होतं. पण माणसाच्या पोटात खोलवर असलेली, पाच-सहा मिलिमीटरची ही नळी बघायची कशी?

लिस्बनचे दोस सांतोस १९२९ मध्ये पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडत. १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी सुरक्षित वाट काढली: आधी सुई, तिच्यातून तार, मग तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी. कॅथलॅबमध्ये आजही तसंच करतात. १९७८ मध्ये ग्रुंट्झिग यांनी कॅथेटरवरून फुगा नेऊन किडनीची धमनी रुंद केली.

आता पहिली तपासणी बहुधा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. अरुंद जागी रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर आणि महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटीहून जास्त असेल, तर धमनी ६० टक्क्यांहून अधिक चिंचोळी समजतात. तपासताना ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांपुढे गेला की वेग खोटाच जास्त येतो. किडनीला जादा धमनी असणं दुर्मिळ नाही, आणि डॉप्लरमध्ये नेमकी तीच निसटते. सुरगाणा-पेठहून पहाटेच्या एसटीने निघालेला पेशंट नाशिकला उतरून मिसळ खाऊन टेबलावर आला, तर आतड्यातल्या वायूमागे धमनी दिसतच नाही आणि बिचाऱ्याची खेप वाया जाते. म्हणून नंबर देतानाच सांगावं: उपाशी या, बीपीची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्या.

शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी. डाय देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, हवंच. एमआरआयच्या गॅडोलिनियम या डायने किडनी निकामी झालेल्यांची त्वचा दगडासारखी कडक होऊ शकते, हे २००६ मध्ये लक्षात आलं आणि तिथेही हात आखडता घ्यावा लागला.

मोठा धक्का त्यानंतरचा. २००९ मधल्या अ‍ॅस्ट्रल आणि २०१४ मधल्या कोरल या पेशंटवरच्या अभ्यासांत, चरबी साचून अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घातल्याने नुसत्या औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. धमनी अरुंद आहे म्हणजे बीपी तिच्यामुळेच आहे, असं नव्हे. त्यामुळे सरसकट तपासणी नको. तीन औषधांनीही न उतरणारं बीपी, अचानक फुप्फुसात पाणी भरणं, दोन किडन्यांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक, किंवा रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीनंतर ३० टक्क्यांहून जास्त वाढलेलं क्रिएटिनिन असेल, तर मात्र टाळू नये.

तरुण मुलींची गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्यांच्यात ताकायासू हा धमन्यांना सूज आणणारा आजार हे मोठं कारण आहे. त्यात हाताची धमनीच बंद असेल तर त्या हातावर बीपी नॉर्मल, कधी कमीही येतं. दोन्ही हातांवर मोजावं. दोन्हीकडे नाडी मंद लागली तर बीपीचा पट्टा मांडीवर बांधावा, खरा आकडा बहुधा तिथे कळतो.